जोते आणि भराव

पनवेलहून रोह्याकडे जाणारी आगगाडी सोमाटणे व रसायनी ही स्थानके मागे टाकून आपट्यास पोहोचते, तेव्हा पश्चिमेस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा ताठ सुळका, पूर्वेस माथेरान आणि इर्शाळ यांच्या डोंगरांची निळी ओळ, आणि या दोहोंच्या मधे आषाढात पाण्याने चकाकणारी भातखाचरे असा देखावा प्रवाशाच्या दृष्टीस पडतो; आणि हे लहानसे स्थानक हिंदी चित्रपटांतून वारंवार दिसलेले असल्यामुळे, येथे कधीही न उतरलेल्या माणसालाही तो ओळखीचा वाटतो. परंतु ज्या पाताळगंगेच्या काठी हे गाव वसले आहे तिचा स्वभाव कळण्यास चित्रपट उपयोगी पडत नाही. त्यासाठी श्रावणातील अमावास्येला, घाटमाथ्यावर दोन दिवस झड लागलेली असताना, गावाच्या खालच्या अंगाला जाऊन उभे राहावे लागते.

पाताळगंगा लांबीने लहान आहे. खोपोलीपाशी बोरघाटाचा पायथा सोडून ती निघते आणि काही कोसांतच धरमतरच्या खाडीला मिळते. त्यामुळे देशावरच्या कृष्णा-गोदावरींच्या काठी पुराची वार्ता वरच्या गावाहून खालच्या गावी पोहोचण्यास जो दिवस-दोन दिवसांचा अवधी मिळतो, तो येथे कोणासही मिळत नाही. रात्री घाटावर कोसळलेला पाऊस सकाळी वेशीत उभा असतो. त्यातही आपट्याच्या टापूत ही नदी निव्वळ नदी राहत नाही. समुद्राची भरती खाडीच्या वाटेने येथवर वर चढते, आणि म्हणूनच मचवे-पडावांच्या काळात, जेव्हा घाटाखालच्या मालाची ने-आण जलमार्गाने होत असे तेव्हा, आपटा हे बंदर म्हणून ओळखले जाई. ज्या भरतीने गावास व्यापार दिला तीच पुराच्या दिवसांत त्याची वैरीण होते. कारण डोंगराचे पाणी उतरण्यास खाडी रिती लागते, आणि उधाणाच्या दिवशी ती काठोकाठ भरलेली असते. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत जो पाऊस मुकाट्याने वाहून जातो, तोच पाऊस उधाणात पडला म्हणजे घरात शिरतो. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीच्या अंकाची पाऊणपट करून पूर्ण भरतीचा तास काढतात आणि त्यावरून समुद्रकाठी पाणी केव्हा हटेल याचा अदमास बांधतात. हा हिशेब ज्या वयाच्या मुलांना येत असे त्या वयाच्या मुलांना आज तो शिकवला जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

या नदीच्या वाट्याला आणखी एक विलक्षण गोष्ट आली आहे. 1915 साली टाटांचे जलविद्युत्-केंद्र खोपोलीस सुरू झाले आणि लोणावळ्याभोवतीच्या तलावांतील जे पाणी निसर्गक्रमाने इंद्रायणीतून पूर्वेस गेले असते, ते नळांतून घाटाखाली उतरून जनित्रे फिरवून पाताळगंगेत येऊ लागले. उन्हाळ्यात आटणारी कोकणी नदी बारमाही झाली. पुढे तिच्या भरवशावर रसायनीचे कारखाने उभे राहिले, औद्योगिक वसाहत आली, मजुरांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वस्त्या आल्या, साठीच्या दशकात आपट्यापर्यंत लोहमार्ग आला आणि 1986 साली तो रोह्यापर्यंत गेला. नदी बारमाही झाल्याने मनुष्य तिच्या अधिक जवळ सरकला, ही गोष्ट पुराच्या विचारात सहसा मोजली जात नाही. ज्या नदीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडत असे, तिच्या पात्राविषयी लोकांच्या मनात एक धाक होता. बाराही महिने उपयोगी पडणाऱ्या पाण्याविषयी तो धाक टिकत नाही.

आता घराकडे वळू. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि या पावसाशी पिढ्यानपिढ्या झुंजून येथील घराची जी आकृती ठरली तिच्यात शोभेचा भाग अल्प आणि अनुभवाचा भाग फार आहे. सर्वांत खाली काळ्या दगडाचे जोते; ज्याची ऐपत मोठी त्याचे जोते उंच, आणि नदीकडच्या आळीत ऐपत बेताची असली तरी जोते उंच. ओटीवर चढण्यास चार-पाच पायऱ्या. त्यावर लाकडी खांब, तुळया, वासे आणि उतरते कौलारू छप्पर, म्हणजे घराचा सारा भार या सांगाड्यावर. भिंत, मग ती मातीची असो की कारवीच्या काठ्यांचा कूड करून शेणमातीने लिंपलेली असो, ती केवळ आडोशासाठी. पुराच्या पाण्याने भिंत विरघळली तरी छप्पर उभे राहते आणि दिवाळीच्या आत पुन्हा लिंपण होऊन घर सावरते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच कुडाच्या भिंतीतले शहाणपण कळेल. माजघरावर माळा, माळ्यावर भाताच्या कणग्या आणि पुढल्या सालचे बियाणे. मनुष्य ओला झाला तर वाळतो. बियाणे भिजले तर पुढचे वर्ष बुडते, एवढा स्पष्ट विचार या रचनेमागे आहे. गरिबाच्या घराला दगडी जोते नव्हते, हेही येथेच नमूद केले पाहिजे. कातकऱ्याची झोपडी जमिनीलगतच असे, आणि पूर येण्याच्या आधी ती सोडून उंचावर जाणे हीच तिची संरक्षण-योजना होती.

या जोत्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते हे, की जुन्या माणसाने घर उंच केले, जमीन उंच केली नाही. जोत्याच्या बाजूंनी पाणी वाहून जाण्यास वाट राहत असे. दोन घरांमधला बोळ, परसातला पाणंदीचा उतार, खाचरांचे सखल पट्टे ही सर्व पाण्याची वहिवाट होती आणि ती गावाने मान्य केलेली होती. आजची रीत उलट आहे. डोंगर फोडून आणलेल्या मुरुमाने सबंध भूखंडच दोन-तीन हात उचलावयाचा, भोवती पक्की भिंत घालावयाची, आणि त्यावर इमारत उभारावयाची. हिशेब करून पाहावा: एक एकर जमीन एका मीटरने उंचावली, तर पुराच्या वेळी तेथे जे सुमारे चाळीस लाख लिटर पाणी मावले असते ते दुसरीकडे जाते, दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चारशे टँकर. हे पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या अंगणात जाते, आणि तो शेजारी बहुधा असा असतो की ज्याला स्वतः भराव घालण्याची ऐपत नसते.

पाण्याला वाट देण्याची आणि अडवण्याची विद्या या भागात केवळ घरापुरती नव्हती. तिच्यावर आख्खी समाजरचना उभी होती, आणि या लेखातील हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपट्याच्या खाली, महामार्गावरचा पूल जेथे पाताळगंगा ओलांडतो त्या खारपाड्याचे नावच सांगते की येथून पुढे खार सुरू झाली. पेण, अलिबाग, पनवेल, उरण या तालुक्यांतील खाडीकाठची हजारो एकर भातजमीन समुद्रापासून मातीच्या बांधांनी हस्तगत केलेली आहे. मराठी अमलात अशा जमिनीस कौल मिळे. आरंभीची काही वर्षे सारा माफ किंवा अल्प, पुढे इस्तावा पद्धतीने वाढत जाणारा. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी ज्याच्याकडे तो शिलोत्रदार, आणि त्या खर्चापोटी कुळांनी बिघ्यामागे द्यावयाचे धान्य ठरलेले. बांधात जागोजाग उघाड्या. भरतीच्या दाबाने उघाडीची झडप आपोआप मिटते आणि ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर जाते. हे यंत्र अत्यंत साधे आहे, परंतु त्याची अट एकच आणि कडक आहे: बांधाला खांड पडल्याचे कळताच त्याच ओहोटीत सर्वांनी पाट्या-फावडी घेऊन धावले पाहिजे. एकाच्या शेताशेजारची खांड ही साऱ्या खारीची खांड असते. शिलोत्रदारांची सत्ता कुळांना जाचक होत असे, हे नाकारण्याचे कारण नाही, आणि ती पद्धत गेली याचा खेदही मला नाही. खेद याचा आहे, की 1948 च्या खार जमीन कायद्याने बांधांचा भार सरकारकडे येऊ लागल्यावर आणि 1979 च्या कायद्याने ती व्यवस्था अधिक विस्तारल्यावर, गावकऱ्यांच्या अंगातली धाव मात्र हळूहळू थांबली. बांध सरकारी झाला, खांडही सरकारी झाली, आणि तजवीज मंजूर होऊन येईतो खारे पाणी भाताच्या मुळाशी जाऊन बसले. बांधापुढची तिवरांची झाडी, जी लाटांचा जोर मोडते, ती जळणासाठी आणि भरावासाठी तोडली गेली ती वेगळीच.

पुरासाठी वास्तू घडवण्याची महाराष्ट्रातील आणखी काही उदाहरणे येथे स्मरतात. नाशिकच्या गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे; पाणी गुडघ्यास लागले, कमरेस लागले, छातीस लागले, या भाषेत साऱ्या शहराला पुराचे मान कळते, आणि त्या मानाने बाजारातील दुकानदार माल हलवतात. सांगलीत तेच काम आयर्विन पूल करतो, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याची पातळी करते. नृसिंहवाडीस कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या द्वारातून बाहेर पडते, तेव्हा त्या दक्षिणद्वार सोहळ्यात स्नानासाठी भाविकांची रीघ लागते, आणि पाणी अधिक चढले की उत्सवमूर्ती उंचावरच्या मंदिरात नेली जाते. पाणी येणार हे गृहीत धरून त्याच्या येण्याला आणि जाण्याला द्वार ठेवणारी ही वास्तू कोणत्याही स्थापत्यविशारदाने जाऊन पाहावी अशी आहे.

नियोजनाच्या इतिहासात मात्र आपल्याकडे पहिला मोठा धडा पुण्याने घेतला, तोही निसर्गाच्या पुरातून नव्हे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही गेली, आणि मुठेकाठच्या जुन्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्यानंतर लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा पूरग्रस्तांच्या वसाहती नदीपासून दूर वसल्या, आणि आज अनेक पुणेकरांना त्या वस्त्यांचे मूळ ठाऊकही नसते. एका आपत्तीने शहराचा नकाशा कायमचा बदलला. पण रिकामा झालेला काठ पुढे रिकामा राखणे शहरास जमले नाही.

आपट्याच्या शेजारचे स्मरण याहून जवळचे आहे. जुलै 1989 मध्ये बोरघाटाच्या परिसरात एका रात्रीत जो प्रलयंकर पाऊस झाला, त्यात शेजारच्या अंबा नदीकाठचे जांभूळपाडा उद्ध्वस्त झाले. माणसे, गुरे, घरे वाहून गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राज्याच्या पाटबंधारे खात्याने पूररेषांविषयीचे परिपत्रक काढले, ज्यावर पुढचे नियम आधारले गेले. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्या दरम्यान निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांच्या दरम्यान नियंत्रित क्षेत्र. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की चोवीस वर्षे निश्चिंती, असा अर्थ नाही. दर वर्षी पंचवीसात एक एवढी त्याची शक्यता असते, आणि तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. 2020 साली राज्यासाठी जी एकत्रित विकास-नियमावली आली तिने नियंत्रित क्षेत्रातील बांधकामाचे जोते लाल रेषेच्या पातळीहून 0.45 मीटर उंच असावे असे सांगितले. जोत्याची जुनी जाणीव कायद्याच्या भाषेत परत आली, हे स्वागतार्ह आहे. परंतु ही उंची खांबांवर साधली की भरावावर, यावरून खालच्या गावाचे भवितव्य ठरते, आणि माझ्या मते हाच प्रश्न परवानगीच्या अर्जात पहिल्या क्रमांकावर असावयास हवा.

कारण आज या साऱ्या प्रदेशाची पातळी बदलत आहे. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवली तेव्हा भरतीच्या पातळीखालच्या जमिनीसाठी धारण-तलाव आणि झडपांची योजना केली. भरतीच्या वेळी झडपा मिटाव्या, पावसाचे पाणी तलावात साठावे, ओहोटीस सुटावे. ही आपली उघाडीच, मोठ्या मापाने बांधलेली, आणि ती योजना दूरदर्शी होती असेच मी म्हणेन. पुढे तलाव गाळाने भरले, त्यांत खारफुटी वाढली, खारफुटीस न्यायालयाचे संरक्षण असल्याने गाळ काढणे अडले, आणि उघाडी साफ न ठेवल्यास खारीचे जे होते तेच शहराचे होऊ लागले. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, विस्तीर्ण पाणथळ भूमी भरावाने उचलली गेली. आणि पारगाव-डुंगीच्या ग्रामस्थांनी तक्रार मांडली की पूर्वी कधी न येणारे पाणी आता घरात येते. 2013 साली विमानतळ-प्रभावित क्षेत्र म्हणून पनवेल, पेण, खालापूर या तालुक्यांतील गावागावांचे नियोजन हाती घेतले गेले. पाताळगंगेच्या खोऱ्याच्या दृष्टीने हा निर्णायक काळ होय. कारण रस्ता, लोहमार्ग आणि गोदाम यांचा भराव एकदा पडला की तो पुन्हा उपसला जात नाही.

लांब पट्टीच्या भरावाचे परिणाम महाडकरांनी भोगले आहेत. सावित्रीचे पाणी खाडीकडे उतरण्याच्या वाटेवर दासगावपाशी कोकण रेल्वेचा बांध आडवा येतो, ही त्यांची वर्षानुवर्षांची तक्रार. 2005 आणि 2021 या दोन्ही जुलै महिन्यांत महाडची बाजारपेठ बुडाली, आणि 2021 मध्ये त्याच दिवशी वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. बांधाला पुलांचे गाळे किती ठेवावे हा स्थापत्यशास्त्राचा प्रश्न खरा, परंतु त्याचे उत्तर सामान्य दिवसाच्या प्रवाहावरून न काढता उधाण आणि अतिवृष्टी एकत्र आलेल्या रात्रीवरून काढावयास हवे. आपट्याहून जाणारा लोहमार्ग आणि नदीच्या खालच्या अंगाचा महामार्ग या दोहोंचे गाळे याच कसोटीवर तपासले जावेत.

महाराष्ट्राबाहेर पाहिले तर समुद्रसपाटीखाली राहणारे डच लोक शेकडो वर्षे बांध उंचावत आले, आणि या शतकात त्यांनीच नद्यांना जागा परत देण्याची योजना राबवून काही बांध मागे सरकवले, काही शेते पुरासाठी मोकळी केली. ब्रह्मपुत्रेच्या काठचे मिसिंग लोक खांबांवरच्या चांग-घरात राहतात आणि खालून पाणी जाऊ देतात. दोघांचा मार्ग वेगळा, पण पाण्याला आधी जागा आणि मग घर, हा क्रम दोघांनीही स्वीकारला आहे.

पूर टाळण्यासाठी वस्त्या डोंगराकडे न्याव्यात, असे सहज सुचवले जाते. पण 19 जुलै 2023 रोजी पाताळगंगेने धोक्याची पातळी ओलांडली, आणि त्याच रात्री तिच्याच खोऱ्याच्या माथ्यावर, इर्शाळगडाच्या कुशीत, दरड कोसळून इर्शाळवाडी गाडली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसे मिळालीच नाहीत. खाली पाणी आणि वर दरड यांच्या मधली जी सुरक्षित पट्टी आहे, तिचाच भाव आज सर्वांत चढा आहे, आणि कातकरी व ठाकूर कुटुंबांच्या वाट्याला ती येत नाही. पुराचे नियोजन म्हणजे अखेरीस या पट्टीत कोणाला जागा मिळावी याचा निर्णय, आणि तो बाजारावर सोडता येणार नाही असे माझे ठाम मत आहे. गावठाणविस्तार मंजूर करताना सखल भागातील आणि कड्याखालील वस्त्यांचा हक्क प्रथम मानला जावा.

एक विनंती मात्र कोणत्याही मंजुरीची वाट न पाहता अमलात येऊ शकते. पूर ओसरला की पंचनामा होतो, नुकसानभरपाईची यादी होते, ती दप्तरात जाते, आणि पाणी कोठवर चढले होते हे भिंतीवरच्या ओल्या रेघेबरोबर पुसले जाते. आपट्यापासून खारपाड्यापर्यंतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने, जिथे अशी खूण नसेल तिथे, शाळेच्या किंवा देवळाच्या जोत्यावर पाण्याची सर्वोच्च रेघ दगडात कोरून तीवर तारीख, तिथी आणि भरतीची वेळ घालावी. पुढच्या आषाढापूर्वी, ज्यांनी ते पाणी डोळ्यांनी पाहिले ती माणसे हयात आहेत तोवर, हे काम करून घ्या.